शेंगदाणे कुठल्या कप्प्यात? कार्ड सॉर्टिंग, पहिल्या कार्डापासून मेनूपर्यंत

माझ्या आईच्या वाणसामानाच्या यादीत शेंगदाणे साबुदाण्याच्या खाली येतात. सासूबाईंच्या यादीत ते तीळ-खोबऱ्याच्या शेजारी असतात, कारण त्यांच्या लेखी शेंगदाणे म्हणजे भाजी-आमटीत जाणारं कूट. धाकट्या दिराला विचारलं तर ते चिवडा-फरसाणाचे भाऊबंद. कागदाच्या यादीत याने काही बिघडत नाही. दुकानातला माणूस यादी वाचतो आणि सामान बांधून देतो. तीच यादी फोनवरच्या ॲपमध्ये गेली की मधला तो माणूस नाहीसा होतो, आणि शेंगदाणे कुठल्या कप्प्यात ठेवायचे हे कुणीतरी आधीच ठरवावं लागतं. बहुतेक वेळा ते दुकानाचं ऑफिस ठरवतं, म्हणजे माल कुठल्या पुरवठादाराकडून येतो किंवा जीएसटीच्या कुठल्या दरात बसतो, त्या हिशेबाने. गिऱ्हाइकाला यातलं काहीच माहीत नसतं.

गिऱ्हाइकाच्या डोक्यातली मांडणी शोधायची एक जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे कार्ड सॉर्टिंग. वस्तूंची किंवा पानांची नावं एकेका कार्डावर लिहायची, ती माणसाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "तुम्हाला जी एकत्र असावीत असं वाटतं ती एकत्र लावा." जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली शब्दांच्या अर्थांची डोक्यातली रचना समजून घ्यायला हीच युक्ती वापरली होती. पुढे १९९४ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या अंतर्गत वेबसाइटची रचना ठरवताना जेकब निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वापरली, आणि वेबच्या जगात ती रुळली. इंटरनेटवर शोधताना 'विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट' समोर आली तर सोडून द्या. ती मेंदूच्या तपासणीसाठी वापरतात, तिचा आपल्याशी संबंध नाही.

या लेखात किराणा दुकानाच्या ॲपचंच उदाहरण शेवटपर्यंत धरते. सरकारी योजनांचं संकेतस्थळ, बँकेचं ॲप, कॉलेजची वेबसाइट, काहीही असलं तरी पायऱ्या त्याच. आणि माझं मत आधीच सांगून टाकते: कार्डं कुठे गेली यापेक्षा ती तिथे का गेली हे जास्त मोलाचं असतं. आकडेमोड करायचीच आहे, पण ती दुसऱ्या नंबरावर.

आधी प्रश्न ठरवा

कार्ड सॉर्टिंगचे तीन प्रकार आहेत. खुल्या प्रकारात माणूस स्वतः गट करतो आणि त्यांना स्वतः नावं देतो. बंद प्रकारात गटांची नावं आपण देतो, माणूस फक्त कार्डं त्यांत टाकतो. मिश्र प्रकारात काही नावं आपली असतात, आणि हवं तर नवा गट करायची मुभा असते. लोक कसा विचार करतात हे माहीत नसेल तर खुला प्रकार घ्या. मेनू तयार आहे, त्यात वीस नव्या वस्तू बसवायच्या आहेत, तर बंद प्रकार पुरतो. बंद प्रकार सोपा आणि झटपट वाटतो म्हणून बरेच जण थेट तिथूनच सुरुवात करतात. मग होतं असं की आपलेच कप्पे बरोबर असल्याचं प्रशस्तिपत्र आपण लोकांकडून लिहून घेतो. समोर सहा डबे ठेवले की माणूस कार्ड कुठल्यातरी डब्यात टाकणारच.

एक गोष्ट या पद्धतीने कळत नाही: माणसाला वस्तू सापडेल की नाही. लावणं वेगळं आणि शोधणं वेगळं. शोधण्याची परीक्षा शेवटी येते. आणि तुमच्या ॲपमध्ये सगळ्या मिळून पंधराच वस्तू असतील तर हा खटाटोप करू नका, एका पडद्यावर सगळ्या दाखवा.

कार्डांवर काय लिहायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ही पायरी घाईत केली तर पुढचं सगळं वाया जातं.

दुकानात हजार-दोन हजार वस्तू असतात. कार्डं मात्र तीस ते पन्नास पुरे. साठाच्या पुढे गेलात की माणूस थकतो आणि शेवटची पंधरा कार्डं कुठेही टाकून मोकळा होतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा उत्साहाच्या भरात नव्वद कार्डं केली होती. तिसऱ्या बाईंनी अर्ध्यावर हात झटकले आणि "बाकीची 'इतर' समजा" म्हणत चहा ठेवायला उठल्या.

निवडताना दोन पथ्यं पाळा. सगळी कार्डं एकाच पातळीवरची हवीत. 'मूगडाळ', 'तूरडाळ' या कार्डांबरोबर 'डाळी' असं कार्ड ठेवलंत तर ते कार्ड राहत नाही, गटाचं नाव होतं, आणि सगळे त्याच्याभोवती जमा होतात. दुसरं म्हणजे जो गट होईल अशी तुम्हाला शंका आहे, त्याची निदान तीन-चार कार्डं ठेवा. पूजेच्या सामानातला एकटा कापूर ठेवलात तर बिचारा फिनेलशेजारी जाऊन बसेल. कापूर, उदबत्ती, वाती, हळदकुंकू असे चौघं असले की गट व्हायचा असेल तर होईल. ज्या वस्तूंबद्दल कुणालाच शंका नाही त्यांची गर्दी नको. सात प्रकारच्या डाळी ठेवून काही नवं कळणार नाही. वादाच्या वस्तू घ्या: खोबरं, गूळ, डिंक, खारीक, पोहे, बेसन, सैंधव, आमसूल, मेतकूट.

आता शब्द. माणूस अर्थावरून लावेल अशी आपली अपेक्षा असते, पण शब्द सारखे दिसले की तो शब्दांवरूनच लावतो. 'शेंगदाण्याचं तेल', 'तिळाचं तेल', 'खोबऱ्याचं तेल', 'दिव्याचं तेल' ही चार कार्डं दिलीत तर चारही एका ढिगात जातील. वास्तविक पुण्या-मुंबईच्या बहुतेक घरांत खोबऱ्याचं तेल न्हाणीघरात असतं, फोडणीत नाही. कार्डावर नुसतं 'खोबरेल' लिहा, ते साबणाकडे जातं की तेलाकडे हे आपोआप कळेल. भाजणीचंही तेच. थालिपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, उपवासाची भाजणी. इथे मात्र शब्द बदलता येत नाही, कारण लोक तसंच म्हणतात. मग तिन्ही न ठेवता एकच ठेवा, किंवा ठेवलीतच तर तो ढीग वाचताना मनात थोडी शंका ठेवून वाचा.

दुसरी अडचण बोलींची. पुण्यातली वरई नाशिक-नागपूरकडे भगर असते. चुरमुरे, कुरमुरे आणि मुरमुरे हे तीन गावांचे तीन शब्द. गिऱ्हाईक दोन्हीकडचं असेल तर कार्डावर 'वरई / भगर' असं दोन्ही लिहा. छापील मराठी आणि घरातली मराठी यांतही फरक असतो. 'खाद्यतेल' कुणी यादीत लिहीत नाही, आणि 'स्वच्छताविषयक उत्पादने' तर देवालाही कळणार नाही. ब्रँडची नावं टाळा. ब्रँड आला की माणूस कंपनीप्रमाणे ढीग करू लागतो.

कार्डं बनवणं, माणसं जमवणं

तीन इंच बाय पाच इंचांची जाड कार्डं छान. स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, नाहीतर छापखान्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीचा कागद कापून घ्या. अक्षर मोठं, देवनागरी, एका कार्डावर एकच वस्तू. मागच्या बाजूला कोपऱ्यात नंबर टाका, नोंद करताना तो देवासारखा धावून येतो. एकदा काटकसर म्हणून जुन्या लग्नपत्रिकांची मागची बाजू वापरली होती. तसं करू नका. लोक कार्ड उलटून कुणाचं लग्न ते वाचत बसतात.

किती माणसं? यावर एक चांगला अभ्यास आहे. टॉम टलिस आणि लॅरी वुड यांनी २००४ मध्ये ४६ कार्डं १६८ जणांकडून लावून घेतली, आणि मग त्यातले थोडेच जण घेतले तर निकाल किती जुळतो ते पाहिलं. १ म्हणजे तंतोतंत जुळणं असं धरलं तर पाच जणांचा निकाल पूर्ण गटाशी सुमारे ०.७५ इतका जुळला, पंधरा जणांचा ०.९०, वीस जणांचा ०.९३ आणि तीस जणांचा ०.९५. म्हणजे पंधरानंतर प्रत्येक नव्या माणसामागे मिळकत कमी होत जाते. टलिस आणि वुड यांनी वीस ते तीस सुचवले, निल्सन यांनी पंधरा. समोर बसून करायचं असेल तर पंधरा माझ्या मते ठीक. पण एक अट: ते पंधरा एकाच साच्यातले नकोत.

ऑफिसातले सहकारी घेऊ नका. त्यांना ॲपचे कप्पे पाठ असतात. शेजारच्या कॉलेजातली मुलं हाताशी असतात म्हणून तीही भरू नका, त्यांच्यातल्या किती जणांनी आयुष्यात हिंग विकत घेतला आहे ते आधी विचारा. घरातली यादी प्रत्यक्ष करणारी माणसं हवीत. नोकरी करून रात्री दहाला फोनवरून सामान मागवणारी, सासू-सुना एका घरात असलेली, भाड्याच्या खोलीत तिघं मिळून स्वयंपाक करणारी मुलं, निवृत्त काका, आणि जिथे स्वयंपाक मावशींच्या हातात आहे तिथे त्या मावशीसुद्धा, कारण "हिंग संपला" हे पहिल्यांदा त्याच सांगतात. ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांच्यासाठी वस्तूचा फोटो असलेला वेगळा संच करा, पण दोन्ही संचांचे आकडे एकत्र करू नका. वेळेचं मानधन सगळ्यांना सारखं द्या, आणि आवाज रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा.

खऱ्या बैठकींआधी एक-दोन जणांबरोबर रंगीत तालीम करा. न कळणारं कार्ड आणि छपाईतली चूक तिथेच सापडते.

बैठक

टेबल मोठं हवं, नाहीतर सरळ सतरंजी अंथरा. वरचा पंखा बंद करा. हे वाचून हसू येईल, पण एप्रिल महिन्यात पुण्याच्या एका फ्लॅटमध्ये माझे पाऊण तासाचे ढीग एका बटणासरशी सोफ्याखाली गेले होते.

कार्डं प्रत्येक माणसाआधी पत्त्यांसारखी पिसा. सांगायचं ते साधं आणि दर वेळी तेच:

"काकू, या चाळीस कार्डांवर दुकानात मिळणाऱ्या वस्तू आहेत. ज्या एकत्र असाव्यात असं तुम्हाला वाटतं त्या एकत्र लावा. किती ढीग करायचे ते तुम्ही ठरवा. एखादी वस्तू माहीत नसेल तर बाजूला ठेवा. मध्येच मत बदललं तर बेलाशक हलवा. यात बरोबर-चूक काही नाही, परीक्षा आमच्या ॲपची आहे. फक्त लावताना मनात जे येईल ते बोलत राहा."

यानंतर गप्प बसायचं. हेच सगळ्यात कठीण. पाचव्या मिनिटाला प्रश्न येतोच, "हे गूळ कुठे ठेवू गं?" तुमच्या तोंडून "तुम्ही घरी कुठे ठेवता?" असं निघून जाईल. ते गिळा. तसं विचारलंत की काकू आपल्या स्वयंपाकघरातलं फडताळ डोळ्यांसमोर आणतात आणि डब्यांच्या उंचीप्रमाणे लावू लागतात. "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच म्हणा, आणि पुन्हा गप्प. काही जण आपल्याला खूश करायला बघतात: "दुकानात असंच असतं ना?" तेव्हाही मान डोलवू नका.

एकच वस्तू दोन ढिगांत हवी असं कुणी म्हणालं तर कोरं कार्ड द्या, त्यावर वस्तूचं नाव लिहून दुसऱ्या ढिगात ठेवू दे. पण आधी विचारा, "एकच जागा निवडायची तर कुठली?" आणि ते मुख्य उत्तर म्हणून नोंदवा. नवरा-बायकोला एकत्र बसवू नका. नवरा मागून "अगं ते तिथे नाही" म्हणत राहतो, आणि शेवटी कार्डं कुणाच्या डोक्याप्रमाणे लागली हे सांगता येत नाही. दोघांची मतं हवीत तर दोन बैठका घ्या.

ढीग झाले की मगच नावं विचारा, आधी नाही. आधी नाव ठरलं की माणूस नावाला शोभतील अशी कार्डं शोधतो. वेगळ्या रंगाचं कोरं कार्ड द्या आणि त्यांच्याच शब्दांत लिहू दे. 'गोडाधोडाचं', 'रोजचं लागणारं', 'पाहुणे आले की' अशी नावं येतात. ती सुधारायच्या फंदात पडू नका, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तसंच राहू दे. मग तीन प्रश्न: कुठलं कार्ड लावायला सगळ्यात अवघड गेलं? कुठल्या ढिगाबद्दल अजून शंका आहे? हे दोन ढीग एकत्र करता आले असते का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांतून अर्धा अहवाल तयार होतो.

उठण्याआधी नावांसकट वरून फोटो काढा, कोपऱ्यात त्या माणसाचा क्रमांक दिसेल असा. मग ढिगाढिगाला रबर लावून पाकिटात टाका. पाऊण तास धरा. लावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, उरलेला वेळ बोलण्याचा.

फोनवर किंवा लॅपटॉपवर करायचं तर ऑप्टिमल वर्कशॉप, यूएक्सट्वीक, मेझ यांसारखी साधनं आहेत. ती आकडे स्वतः मांडून देतात आणि दूरच्या गावची माणसं मिळतात. किंमत अशी की "का" ऐकू येत नाही. निवडण्याआधी दोन गोष्टी तपासा: जोडाक्षरं नीट उमटतात का, आणि सूचना-बटणं मराठीत करता येतात का. लहान फोनवर चाळीस कार्डं बोटाने ओढणं ही शिक्षा आहे, तिथे पंचविसाच्या आत राहा. माझा नेम असा: आठ-दहा जणांबरोबर सतरंजीवर, उरलेले ऑनलाइन.

नोंद करताना होणाऱ्या चुका

एक्सेल किंवा गूगल शीट घ्या. ओळींत कार्डं, रकान्यांत माणसं, प्रत्येक चौकटीत त्या माणसाने कार्ड कुठल्या ढिगात ठेवलं त्याचा क्रमांक. क्रमांक त्या-त्या माणसापुरताच खरा. पहिल्या काकूंचा ३ नंबर आणि दुसऱ्यांचा ३ नंबर यांचं नातं नाही.

नावं वेगळ्या पानावर लिहा आणि मग सारखी दिसणारी एकत्र करा. 'उपवासाचं', 'उपासाचे पदार्थ', 'एकादशीचं' हे उघडच एक. पण 'फराळ' लिहिलेलं दिसलं की थांबा. एकीचा फराळ म्हणजे साबुदाणा, वरई, राजगिरा. दुसरीचा फराळ म्हणजे पातळ पोहे, डाळं, चकलीची भाजणी. शब्द एक, पण एक एकादशीचा आणि एक दिवाळीचा. नाव बघून एकत्र केलेत तर हिशेबात साबुदाण्याची चकली होईल. नाव एक करण्याआधी ढिगातली कार्डं बघायची, हा नियम.

आकडे

आता प्रत्येक दोन कार्डांसाठी मोजायचं: किती जणांनी ती एका ढिगात ठेवली? चाळीस कार्डांच्या ७८० जोड्या होतात, हाताने मोजू नका. शीटमध्ये सम-प्रॉडक्टचं सूत्र वापरून दोन ओळींची तुलना करता येते: किती रकान्यांत आकडा सारखा आहे. एक खाचखळगा लक्षात ठेवा. 'माहीत नाही' म्हणून बाजूला ठेवलेल्या कार्डांच्या चौकटी रिकाम्या सोडल्यात तर सूत्राला रिकामं आणि रिकामं सारखंच वाटतं, आणि डिंक-अळीव यांची खोटी मैत्री तयार होते. रिकाम्या चौकटीत प्रत्येक कार्डाला वेगळा, दुसरीकडे न वापरलेला आकडा टाका.

कसं वाचायचं ते दाखवायला काही काल्पनिक आकडे घेऊ. पंधरा जणांपैकी साबुदाणा आणि वरई १४ जणांनी एकत्र ठेवली, म्हणजे ९३ टक्के. तीळ आणि खोबरं ९ जणांनी, ६० टक्के. साबुदाणा आणि शेंगदाणे ८ जणांनी, ५३ टक्के. शेंगदाणे आणि तीळ ६ जणांनी, ४० टक्के. पहिली जोडी पक्की. तिला वेगळं केलंत तर लोक शिव्या देतील. शेंगदाण्यांचं मात्र दोन्हीकडे अर्धं-अर्धं मन आहे. ज्या कार्डाचा कुणाशीच मोठा आकडा नाही, त्याचं एकतर नाव कळलं नाही, नाहीतर ते खरंच दोन-तीन ठिकाणचं आहे. हा फरक आकडे सांगत नाहीत, रेकॉर्डिंग सांगतं.

या तक्त्यावरून साधनं झाडासारखी एक आकृती काढून देतात, तिला डेंड्रोग्राम म्हणतात. जास्त वेळा एकत्र गेलेली कार्डं आधी जुळतात, मग ते जोड एकमेकांना जुळत मोठे गट होतात. ती आकृती दिसायला फार रुबाबदार असते, आणि म्हणूनच सभेत लोक तिच्यापुढे हात जोडतात. पण कुठल्याही आकड्यांमधून झाड निघतंच, अगदी कार्डं डोळे मिटून लावली असली तरी. आधी तक्ता वाचा, मग झाड.

माणसंही दोन प्रकारची निघतात. काही ठोक व्यापारी: चार ढीग, विषय संपला. काही किरकोळ: चौदा ढीग, त्यातला एक फक्त मिठाचा. ठोकवाल्यांमुळे सगळ्या जोड्यांचे आकडे वर जातात, किरकोळवाल्यांमुळे खाली. पाचाच्या आत आणि बाराच्या वर ढीग करणाऱ्यांवर खूण करून ठेवा, आणि त्यांना वगळून तक्ता पुन्हा एकदा काढून बघा. चित्र तेच राहिलं तर निश्चिंत व्हा.

दोन डोक्यांची सरासरी काढू नका

किराण्याचे ढीग पाहिले की दोन रीती डोळ्यांत भरतात. काही जण वस्तू 'काय आहे' यावरून लावतात: धान्य, डाळी, पिठं, मसाले, सुकामेवा. काही जण ती 'कशासाठी' यावरून: उपवास, नाश्ता, दिवाळी, पूजा, बाळंतिणीचा खुराक. डिंक, अळीव, खारीक आणि गूळ पहिल्याच्या हाती चार ठिकाणी जातात. दुसरीच्या हाती ते एकाच ढिगात येतात आणि वर नाव लिहिलं जातं, 'लाडवाचं'.

या दोघांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली की अशी मांडणी तयार होते जी दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात नव्हती. अर्धा कप्पा धान्याचा, अर्धा एकादशीचा. म्हणून आधी पाकिटं उघडा, फोटो भिंतीवर लावा आणि कोण कुठल्या रीतीने लावतंय ते डोळ्यांनी बघा. मग दोन तक्ते वेगळे काढा. पंधराचे दोन भाग झाल्यावर आकडे अगदीच लहान वाटत असतील तर प्रत्येक रीतीची चार-पाच माणसं आणखी घ्या.

ढिगांतून मेनू

तक्ता म्हणजे मेनू नाही. लोकांनी केलेले गट जसेच्या तसे ॲपमध्ये टाकले तर 'इतर' नावाचा एक कप्पा येईल आणि त्यात आगपेटी, इनो आणि खायचा सोडा नांदतील.

दोन रीती असल्या तर एक मुख्य रचना करा आणि दुसरी आडवी घाला. भारतात ही कल्पना नवी नाही. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये ग्रंथालयांसाठी कोलन वर्गीकरण काढलं, त्यात एकाच पुस्तकाचे अनेक पैलू धरून ते वेगवेगळ्या अंगांनी शोधता येतं. कपाटात पुस्तक एकाच जागी राहतं, पण तिथे पोचायचे रस्ते अनेक. ॲपमध्ये तर कपाटही नाही. शेंगदाणे 'दाणे, तीळ, खोबरं' मध्ये ठेवा आणि 'उपवासाचं' मध्येही दाखवा, वस्तू एकच. तरी हे सगळ्याच वस्तूंना करू नका. प्रत्येक गोष्ट तीन ठिकाणी दिसू लागली की माणसाला एकाच गल्लीत फिरल्यासारखं वाटतं. ज्या कार्डांचे आकडे खरोखर दुभंगलेले आहेत, तेवढ्यांनाच दोन जागा.

'कशासाठी' च्या कप्प्यांना काळ असतो. उपवास वर्षभर चालतो, पण श्रावणात आणि नवरात्रात तो कप्पा वर आणा. दिवाळीचा फराळ वर्षभर पहिल्या पानावर ठेवायचं कारण नाही.

नावं लोकांनी लिहिलेल्या कोऱ्या कार्डांतून उचला. सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव नेहमी चांगलं असतं असं नाही. 'रोजचं लागणारं' खूप जण लिहितात, पण आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. दुकानाच्या मालकांना 'भुसार' हा शब्द प्रिय असेल. तो यादी करणाऱ्या किती जणांनी लिहिला ते त्यांना दाखवा, वाद तिथेच मिटतो. मालकांचं ऐकायचं ते दुसऱ्या गोष्टीत: कुठल्या वस्तू येत्या वर्षात वाढणार आहेत. आज तीन वस्तूंचा असलेला कप्पा उद्या तीसचा होणार असेल तर त्याची जागा आजच करा.

उलटतपासणी

आता शोधण्याची परीक्षा. हिला ट्री टेस्ट म्हणतात. डोना स्पेन्सर यांनी २००३ मध्ये तिची कागदी आवृत्ती मांडली होती, आणि ती आजही दहा रुपयांत होते. एका कार्डावर वरचे सगळे कप्पे लिहा. प्रत्येक कप्प्यासाठी आणखी एक कार्ड, त्यावर आतले कप्पे. नवी माणसं घ्या, आधीची नकोत. त्यांना काम द्या आणि पहिलं बोट कुठे जातं ते लिहा.

कामात कप्प्याचा शब्द येऊ देऊ नका. "उपवासाच्या कप्प्यात साबुदाणा शोधा" ही परीक्षा नव्हे, ती चिठ्ठी पुरवणं झालं. असं विचारा: "उद्या संकष्टी आहे, सकाळी खिचडी करायची आहे. सामान कुठे बघाल?" किंवा, "नणंद बाळंत झालीये, तिला लाडू पाठवायचे आहेत." आठ-दहा कामं पुरतात, आणि त्यातली निम्मी वादाच्या कार्डांवरची असावीत. समोर बसून आठ-दहा जणांत मोठ्या चुका दिसतात. टक्केवारी हवी असेल तर ऑनलाइन पन्नासेक जण घ्या.

शेवटी वस्तू सापडली की नाही एवढंच मोजू नका, पहिलं बोट बरोबर गेलं का ते वेगळं मोजा. तीन कप्पे उघडून चौथ्यात खोबरं सापडलेला माणूस कागदावर पास होतो, फोनवर मात्र दुसऱ्याच कप्प्यानंतर ॲप बंद करून खाली दुकानात जातो. पहिली बोटं जर सगळ्यांची एकाच चुकीच्या कप्प्यावर जात असतील तर रचना मोडू नका, वस्तू त्या कप्प्यातही दाखवा. ती चहूकडे विखुरत असतील तर आधी कप्प्याचं नाव बदला आणि तीच कामं पाच नव्या माणसांना द्या. नाव बदलूनही विखुरली, तर त्या कप्प्यातली कार्डं पाकिटातून बाहेर काढा आणि सतरंजी पुन्हा अंथरा.